विश्रांती, वेदना आणि वार्धक्य

गुडघा दुखू लागला की चालणे कमी करावे, कंबर धरली की अंथरूण गाठावे, हा सल्ला इतका रूढ आहे की त्यास पुराव्याची आवश्यकता आहे असे क्वचितच कोणास वाटते. वस्तुतः विश्रांती हेही एक औषधच होय. तिलाही मात्रा असते आणि तिचेही दुष्परिणाम मोजता येतात.

१९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांस तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावण्यात आले. कमाल श्रमाच्या वेळी शरीर जितका प्राणवायू वापरू शकते, ते प्रमाण तेवढ्या अवधीत एक-चतुर्थांशाहून अधिक घटले. याच पाच जणांची ३० वर्षांनंतर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीन दशकांच्या वयाने केलेली हानी त्या तीन आठवड्यांच्या शय्येने केलेल्या हानीहून कमी भरली. पुढे सहा महिन्यांच्या क्रमशः वाढविलेल्या व्यायामाने ही क्षमता विशीतील मूळ पातळीवर परत आली. पाच हा आकडा लहान खराच. तथापि येथे प्रत्येकाची तुलना स्वतःशीच आहे, हे विसरता येत नाही.

कंबरदुखीच्या २०३ रुग्णांवरील, १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस अंथरुणावर राहण्यास सांगितले होते. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. अन्य बाबतींत सात दिवसवाल्यांस अधिक लाभ झाला नाही.

गुडघ्याची गोष्ट अधिक उद्‌बोधक आहे. सांध्यातील हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेस रक्तवाहिन्या नाहीत. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते, आणि भार पडणे व उतरणे या क्रियेने त्या द्रवाची कूर्चेतील ये-जा चालू राहते. गुडघा म्हणजे वापराने झिजणारे बिजागर, ही उपमा म्हणूनच फसवी आहे. दुखते म्हणून हालचाल टाळली की मांडीच्या पुढील भागाचे स्नायू कृश होतात, सांध्याचा आधार ढळतो, आणि पूर्वी न दुखणारी पायरीही दुखू लागते. जमिनीवर बसण्याउठण्याची रीत असलेल्या घरात याचा अर्थ असा की, वृद्धास प्रथम हात द्यावा लागतो आणि पुढे त्याचे जेवणही खाटेवर येते. हे परावलंबन वयाच्या खाती मांडले जाते. त्यातील बराच भाग अनुपयोगाचा असतो.

शेक आणि मालीश यांनी आराम वाटतो, परंतु तो बहुधा अल्पकाळ टिकतो. त्या अवधीत व्यायाम करून घेणे हाच त्यांचा उत्तम उपयोग होय. अर्थात अस्थिभंग, ज्वरासह सुजलेला सांधा किंवा कंबरदुखीबरोबर पायात आलेली दुर्बलता, यांत वैद्यकीय तपासणी आधी आणि व्यायाम नंतर.

अतिवृद्धांस हे झेपेल काय, या शंकेचे उत्तर १९९० साली बोस्टनहून आले. तेथील वृद्धनिवासातील सुमारे नव्वदीच्या दहा दुर्बल रहिवाशांनी आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम आरंभिला. नऊ जणांनी तो पुरा केला. वजन नाममात्र नव्हते. ते प्रत्येकाच्या कमाल शक्तीच्या प्रमाणात ठरवून वाढविले जात होते. पायांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. व्यायाम थांबविल्यानंतर चारच आठवड्यांत कमाल शक्तीचे ३२ टक्के पुन्हा गमावले गेले.