पहिला बर्फ टिकणार का?

ऑक्टोबर उजाडला की क्लेमेंटीत आम्हाला दोन प्रकारचे फोन येऊ लागतात. पहिला, शाळेच्या वर्षअखेरच्या सुट्टीत जपान नाहीतर कोरियाला निघालेल्या कुटुंबांचा: "तिकिटं काढलीत, पण बर्फ मिळेल ना हो?" दुसरा, ज्यांची मुले अमेरिका-कॅनडात शिकायला किंवा नोकरीला गेली आहेत अशा आईवडिलांचा: "तिकडे आजच पहिला बर्फ पडला म्हणते. गाडी काढू नको म्हणून सांगू का?" आम्ही पडलो रसायनशास्त्रवाले. हवामान हा काही आमचा प्रांत नव्हे. पण बर्फ वितळतो कसा आणि कधीकधी वितळत नाही तो का, हा प्रश्न मात्र आमच्याच अंगणातला आहे. म्हणून फोनवर तुकड्यातुकड्याने सांगत आलो ते या अंकात एकत्र लिहितो आहोत.

आधी भाषेची एक गंमत. उसाच्या रसातला, फ्रीजच्या खणातला आणि हिमालयातला, आपल्या मराठीत सगळा बर्फच. त्याच्याशी फारसा संबंध आला नाही, म्हणून शब्दही एकावर भागला. जपानी माणसाचे तसे नाही. मोसमातल्या पहिल्या बर्फाला तो 'हात्सुयुकी' म्हणतो आणि जो बर्फ पडून वसंतापर्यंत हलत नाही त्याला 'नेयुकी', म्हणजे मूळ धरलेला बर्फ. या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे तोच आपला प्रश्न.

क्लेमेंटीत बसून बर्फाची चर्चा म्हणजे वाळवंटात होडीची, असे कोणी म्हणेल. तर त्यांना २५ जून २०१३ ची आठवण करून द्यावीशी वाटते. त्या आठवड्यात धुरक्याने आपला जीव नकोसा केला होता. २१ जूनला प्रदूषणाचा निर्देशांक ४०१ पर्यंत चढला होता. मग २५ तारखेला पश्चिम सिंगापूरमध्ये विजांसह जोरदार पाऊस झाला आणि त्यात चक्क गारा पडल्या. विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर! तरी यात जादू काही नाही. आपल्या डोक्यावर पाचेक किलोमीटर उंचीवर बाराही महिने शून्य अंश तापमान असते. त्याच्या वर वाढलेल्या प्रत्येक गडगडाटी ढगात बर्फ असतो आणि आपल्या छत्रीवर आपटणाऱ्या टपोऱ्या थेंबांतले बरेचसे वर असताना बर्फच असतात. हिमाचा पिसासारखा कण सेकंदाला सुमारे एक मीटर या गतीने तरंगत खाली येतो, म्हणून तो वाटेतच विरघळून जातो. गार वजनदार. ती दहा-पंधरा मीटरच्या गतीने कोसळते आणि वितळून संपायच्या आत जमीन गाठते. पण गाठून करते काय? सिंगापूरमध्ये आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान १९ अंश आहे, तेही १९८९ सालचे. असल्या जमिनीवर गारेचे आयुष्य काही मिनिटांचे. पडणे आणि टिकणे यांतला फरक एवढ्या झटपट दाखवणारे ठिकाण शोधून सापडायचे नाही.

आता हिशेब. एक सेंटिमीटर ताज्या बर्फात साधारण एक मिलिमीटर पाणी असते, म्हणजे चौरस मीटरवर एक किलो. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत, म्हणजे चहाच्या आधणाच्या बरेच जवळ गेले असते. चौरस मीटरवरच्या त्या एक किलो बर्फाला अर्थात ८० किलोकॅलरी हव्यात. ओलसर मातीचा वरचा दहा सेंटिमीटरचा थर ५ अंशांवर असेल, तर शून्यापर्यंत उतरताना तो चौरस मीटरला साधारण २४० किलोकॅलरी देतो. याचा अर्थ पहिला तीन सेंटिमीटर बर्फ जमीन फुकटात गिळते. माती १२ अंशांवर असेल तर सात सेंटिमीटर. उन्हाळाभर साठवलेली ही पुंजी ऑक्टोबर-नोव्हेंबरात अजून शिल्लक असते. ऑक्टोबरअखेर न्यूयॉर्कला सूर्य दुपारी जितका वर येतो तितकाच फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. ऊन तेच, पण फेब्रुवारीतला बर्फ टिकतो आणि ऑक्टोबरातला बहुधा टिकत नाही, कारण फेब्रुवारीत जमिनीचे खाते रिकामे झालेले असते.

खात्यात पैसे असले तरी बँकेच्या खिडकीवर रांग असतेच. खालची उष्णता वर यायला वेळ लागतो. तासाला एक सेंटिमीटर बर्फ भुरभुरत असेल तर जमीन त्याला पुरून उरते. तोच तासाला चार-पाच सेंटिमीटर कोसळू लागला की वितळायच्या आत नवा थर येऊन पडतो. आणि एकदा का पातळसा पांढरा थर धरला, की सगळे चित्र पालटते. त्यानंतरचा बर्फ मातीवर नव्हे, बर्फावर पडत असतो. शिवाय बर्फात हवा कोंडलेली असल्याने तो गोधडीसारखा खालची ऊब खालीच ठेवतो, आणि पांढरा असल्याने बहुतेक ऊन परतवून लावतो. म्हणून किती पडणार यापेक्षा किती जोराने पडणार आणि दिवसा की रात्री, हे आधी विचारावे.

दुसरी गोष्ट माठाची. नागपूरच्या मे महिन्यात माठातले पाणी गारेगार होते आणि मुंबईत होत नाही, हे आपल्या घरी सांगावे लागत नाही. कोरड्या हवेत पाणी उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. बर्फाचेही तेच. हवा ४ अंशांवर, पण आर्द्रता ४० टक्के असेल, तर पडणारा बर्फ आणि पाऊस भोवतालच्या हवेत बाष्प सोडत तिला पार शून्याच्या आसपास आणतात. उलट हवा २ अंशांवर, पण आर्द्रता ९५ टक्के असेल, तर ती दीड अंशाच्या खाली काही उतरत नाही. तेव्हा ४ अंशांची कोरडी संध्याकाळ २ अंशांच्या दमट संध्याकाळीपेक्षा बर्फाला जास्त मानवते. टीव्हीवरचा नुसता तापमानाचा आकडा पाहून "अजून चार अंश आहे, काही होत नाही" असे म्हणणारे इथेच फसतात. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून जे तापमान दिसते, ते शून्याच्या खाली गेले की सावध व्हावे.

हे सारे पुस्तकी वाटत असेल तर २९ ऑक्टोबर २०११ ची हकीकत ऐका. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २६ ला होते आणि भाऊबीज २८ ला. २९ तारीख म्हणजे दिवाळीनंतरचा पहिला शनिवार, परदेशातल्या आपल्या लोकांचा फराळाला एकमेकांकडे जाण्याचा दिवस. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स या आपल्या मंडळींनी गजबजलेल्या पट्ट्यात त्या दिवशी बर्फाचे वादळ आले. तिथली शनिवारची दुपार म्हणजे आपली रविवारची पहाट. क्लेमेंटीतली आपली मंडळी उठेपर्यंत तिकडे सगळे होऊन चुकले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या पेरू नावाच्या गावात ८१ सेंटिमीटर बर्फ पडला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पडला जेमतेम सात सेंटिमीटर, पण १८६९ पासूनच्या नोंदींत ऑक्टोबर महिन्यात तिथे एक इंचही बर्फ कधी साचला नव्हता.

जमीन तर उबदार होती. मग घात कुठे झाला? झाडांवर. टिकण्यासाठी जमीनच लागते असे थोडेच आहे? ऑक्टोबरात पाने गळलेली नव्हती. पानाला उष्णतेची पुंजी कसली? कागदाएवढे जाड, चहूबाजूंनी थंड हवा. क्षणात शून्यावर येते. त्यात या मोसमातला बर्फ ओला आणि चिकट. कडक थंडीतला भुसभुशीत बर्फ वीस सेंटिमीटरला पाण्याचा एक सेंटिमीटर भरतो, हा पाच-सहा सेंटिमीटरलाच भरतो. दहा सेंटिमीटर ओला बर्फ चौरस मीटरला पंधरा-वीस किलो होतो. पानांनी भरलेल्या डेरेदार झाडाने हे ओझे झेलले, फांद्या काडकाड मोडल्या आणि विजेच्या तारांवर पडल्या. तीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. एकट्या कनेटिकटमध्ये आठ लाखांहून अधिक. काही घरांत ती यायला आठवडा उलटला. बफेलो शहरात १२-१३ ऑक्टोबर २००६ ला असेच झाले होते. तिथे तर शेजारच्या ईरी सरोवराच्या कोमट पाण्यानेच ढगांना बाष्प पुरवले आणि ५७ सेंटिमीटर बर्फ पानांसकट झाडांवर बसला.

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आम्हाला इथे सांगायचा आहे. २०११ मध्ये बर्फापेक्षा त्यानंतरच्या अंधारात धोका मोठा होता. गारठलेल्या घरात लोकांनी कोळशाची शेगडी पेटवली, गॅरेजमध्ये जनरेटर लावला आणि कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावली. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते. माणसाला वाटते थंडीने होते आहे. मुलांना फोन कराल तेव्हा "स्वेटर घातलास का" हे जरूर विचारा, पण त्याआधी "घरात कोळसा पेटवलेला नाही ना, आणि वायूची सूचना देणारे यंत्र चालू आहे ना" हे विचारा.

गाडीचे थोडक्यात सांगतो. बर्फ आधी गवतावर, गाडीच्या टपावर आणि लाकडी कठड्यावर दिसतो, डांबरावर सर्वांत शेवटी. गवत पांढरे आणि रस्ता काळा असला की मुले म्हणतात, "रस्त्यावर टिकत नाहीये, निघतो." पण वाटेत पूल असतो. पुलाखाली माती नाही, हवा आहे. त्याला वरून आणि खालून दोन्हीकडून थंडी लागते. रस्ता नुसता ओला असताना पूल गोठलेला असतो. रात्री आभाळ निवळले की वितळलेले पाणी डांबरावर काचेसारखे पुन्हा गोठते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. सकाळी तिथले लोक मीठ टाकतात. उन्हाळ्यात अंगणात आइस्क्रीमचा पॉट फिरवताना बर्फात खडेमीठ का घालत होतो ते आठवा. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू उतरतो. मात्र उणे दहाच्या खाली रस्त्यावरचे मीठ फारसे काम करीत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही थंडीत वर्तमानपत्रात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचे छायाचित्र येते: जीपचे टप पांढरे, स्ट्रॉबेरीची पाने पांढरी. तो बर्फ 'पडलेला' नसतो. निरभ्र, निवांत रात्री पाने आणि पत्रे आपली उष्णता आकाशाकडे फेकून देतात. हवेत चार-पाच अंश असतानाही त्यांचा पृष्ठभाग शून्याखाली जातो आणि दहिवर तिथेच गोठते. ढगाचे पांघरूण किंवा जरासा वारा आला की खेळ संपला. पर्यटक खूश होतात, स्ट्रॉबेरीवाल्याची मात्र फुले करपतात. निफाडच्या द्राक्षबागांत पारा उतरला की शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, ती याच हिशेबाची दुसरी बाजू.

उरला पहिला फोन, होक्काइदोचा. साप्पोरोत सरासरीने पहिला बर्फ नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिसतो, पण नेयुकी धरते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास. मधला महिना पडतो-वितळतो, पडतो-वितळतो असा जातो. आपली शाळेची सुट्टी नोव्हेंबरच्या मध्यावर लागते आणि स्वस्त तिकिटे नेमकी त्याच दिवसांची असतात. मुलांना बर्फात लोळवायचे असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: शहरासाठी डिसेंबरचा दुसरा पंधरवडा धरा. नोव्हेंबरातच जावे लागत असेल तर उंची गाठा. दर शंभर मीटरला तापमान सुमारे ०.६ अंशाने उतरते. शहरात पाऊस पडत असताना हजार मीटरवर बर्फ टिकलेला असू शकतो, आणि २२९१ मीटर उंचीच्या आसाहिदाके पर्वतावर तर तो सप्टेंबरातच हजेरी लावतो. तिथले हवामानवाले १५०० मीटर उंचीवरची हवा उणे ६ अंशांच्या खाली गेली की सपाटीवर बर्फाची अपेक्षा करतात. आपणही निघण्याच्या तीन दिवस आधी तेवढे पाहून घ्यावे. एक मात्र आहे, तो बर्फ आणणारी सैबेरियाची थंड हवाच पुढे दक्षिण चीन समुद्रावरून बाष्प उचलीत डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे येते. तुम्ही साप्पोरोत बर्फाचा माणूस करीत असताना मागे राहिलेल्या शेजाऱ्यांचे बांबूवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, ते तिच्याच कृपेने.

या सुट्टीत जे जातील त्यांना विनंती: बर्फ किती वाजता सुरू झाला, त्या वेळी तापमान आणि आर्द्रता किती होती, गवतावर कधी धरला आणि रस्त्यावर कधी, एवढे चार आकडे वहीत टिपून आणा. चिठ्ठी आमच्याकडे द्या, फेब्रुवारीच्या अंकात एकत्र छापू. छायाचित्रे कृपया देऊ नयेत; झेरॉक्समध्ये पांढरा बर्फ आणि कोरा कागद यांत फरक कळत नाही.