मुक्कामाला जागा मिळेल काय?

आमच्या गल्लीतला एक मुलगा कंपनीच्या कामानिमित्त दोन वर्षे अमेरिकेत होता. तिथे एका उन्हाळ्यात त्याने भाड्याची मोटार घेतली आणि नेवाडा राज्याच्या वाळवंटात आठ दिवस एकटाच फिरला. रात्रीचा मुक्काम कॅसिनोच्या हॉटेलात. कॅसिनो म्हणजे सरकारी परवान्याचा जुगारअड्डा. नेवाडाने १९३१ साली जुगार कायदेशीर केला आणि पुढे लास वेगास, लाफलिन, मेस्किट अशा ठिकाणी ओसाड माळावर ही हॉटेले उभी राहिली. परत आल्यावर मुलगा आमच्या ओट्यावर बसून सांगत होता, "काका, भर उन्हाळ्यात, मधल्या वारी, तिथे चांगली खोली स्वस्तात मिळते. कारण मालकाचा धंदा खोलीवर नाहीच. खोलीकडे जायचा रस्तासुद्धा जुगाराच्या यंत्रांमधून काढलेला असते. माणूस मध्येच थांबला, की भाड्याची कसर निघते. मी काही लावलं नाही, म्हणून मले परवडलं."

आम्ही बी.कॉम. झालेलो. हा हिशोब आम्हाला लगेच पटला. पण त्याच्या पुढच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. "काका, तुम्ही कधी असे एकटे फिरले का जी?"

आम्ही आठवू लागलो. दीक्षाभूमीला दरवर्षी जातो. चैत्यभूमीला पाच वेळा गेलो. लग्ने, मयती, मुलीच्या प्रवेशासाठी नागपूर, समाजाच्या कामासाठी एकदा मंत्रालय. पण काही काम नसताना, कोणी बोलावले नसताना, केवळ पाहावे म्हणून घराबाहेर पडलो, असे पंचेचाळीस वर्षांत एकदाही घडले नव्हते. आमच्या वडिलांच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता. कोळसा खाणीतून घर आणि घरातून खाण, एवढाच त्यांचा रस्ता.

म्हणून मे महिन्यात चार दिवसांची रजा टाकली. चंद्रपूर ते सिरोंचा आणि परत, आपल्या जुन्या मोटरसायकलवर, एकटे. (लिहिताना 'आम्ही' म्हणण्याची सवय आहे. लॉजच्या रजिस्टरमध्ये मात्र 'एक इसम' असेच लिहावे लागते.)

"या उन्हात कायले जाता?" हा घरचा पहिला आक्षेप. तो चुकीचाही नव्हता. लास वेगासला जुलै २०२४ मध्ये पारा ४८.९ अंशांवर गेला, तर तिकडे विक्रम म्हणून गाजावाजा झाला. आपल्या चंद्रपुरात मे २०१९ मध्ये पारा ४७ च्या वर गेला होता. उन्हाच्या बाबतीत आपण अमेरिकेला उसने देऊ शकतो. आपल्या वऱ्हांड्यात घरघरणाऱ्या पत्र्याच्या पेटीचे नावच मुळी डेझर्ट कूलर, म्हणजे वाळवंटाचा कूलर.

कॅसिनो मात्र आपल्याकडे नाही. गोव्यात मांडवी नदीतल्या जहाजांवर आहेत. महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोंसाठी एक कायदा झाला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ साली सरकारने तो रद्द करायचे ठरविले. तरीही उन्हाळ्यात पैसे लावायची एक जागा आपल्या जिल्ह्यात आहेच. ती म्हणजे ताडोबा. मे महिन्यात जंगलातले पाणी आटते, वाघ पाणवठ्यावर येतो, आणि इथला माणूस खिडक्यांना ओले पडदे लावून बसतो नेमक्या त्याच दिवसांत मोहर्लीकडच्या रिसॉर्टांचे भाव चढतात. वाघ दिसला तर दिसला, नाही तर पैसे गेले. गाईड आणि जिप्सीचालक म्हणून आसपासच्या गावांतल्या पोरांना काम मिळते, हेही खरे. आम्ही एका ठिकाणी रात्रीचे भाडे विचारले, आभार मानले आणि फोन ठेवला.

आमच्या बाबतीत वाघाचा प्रश्न वेगळाच होता. चंद्रपूरहून मूलकडे जाणारा रस्ता लोहारा, चिचपल्ली अशा जंगलातून जातो. ऊन टाळायचे तर पहाटे चारला निघावे. वाघ टाळायचा तर उजाडल्याशिवाय दुचाकी त्या रस्त्यावर घालू नये. मूल, सावली या तालुक्यांत वाघाच्या हल्ल्यात माणसे गेलेली आहेत. मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, गुरे चारायला गेलेली ती माणसे. त्यांना वाघ पाहायचा नव्हता. आम्ही मधला मार्ग काढला. तांबडे फुटल्यावर निघायचे, दहाच्या आत सावली गाठायची, सायंकाळी पाचला पुन्हा निघून अंधाराच्या आत मुक्काम. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, दोन बाटल्या पाणी, मीठ-साखरेची पुडी आणि सौभाग्यवतीने दिलेले कैरीच्या पन्ह्याचे सार. चहा वाटेत दुपारी घेऊ नये, हा आमच्या वडिलांचा नियमही पाळला.

मूल, सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल. पुलापलीकडे गडचिरोली जिल्हा, जो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त. चामोर्शीवरून मार्कंड्याला पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. इथे वैनगंगा उत्तरेकडे वळते. देवळांच्या दगडी भिंतींवर कोरलेले हत्ती, नर्तकी, योद्धे पाहिले. कोरणारे हात कोणाचे असतील, त्यांना आत प्रवेश होता काय, असे विचार मनात येतातच. बाहेर झाडाखाली चार वाजेपर्यंत पडून राहिलो. गरम वाऱ्याने झोप लागत नाही, नुसती गुंगी येते.

पहिल्या रात्रीचा मुक्काम एका बाजारपेठेच्या गावी ठरविला होता. गावाचे नाव लिहीत नाही. लॉज बरा दिसला. पोऱ्याने रजिस्टर उघडले. "किती जण?" "एक." आधार कार्ड दिले, त्याने नाव उतरविले, किल्ली हातात ठेवली. तेवढ्यात मालक आला. त्याने कार्ड उलटसुलट पाहिले, बाहेर उभ्या गाडीकडे पाहिले. गाडीच्या हेडलाइटवर बाबासाहेबांचे निळे स्टिकर आहे. "एकटेच? कायले आले?" "फिरायला." "या उन्हात?" मग त्याने हात पुढे करून किल्ली परत घेतली. "भाऊ, खोली बुक आहे. पोराच्या ध्यानात नाही आलं." त्याच्यामागे भिंतीवर खिळ्यांना तीन किल्ल्या लटकत होत्या. आम्ही मोजल्या. कारकुनाची सवय.

वाचकहो, कारण काय होते, हे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. एकट्या माणसाला खोली द्यायला लॉजवाले घाबरतात. कोणी जिवाचे बरेवाईट केले, तर पोलिसांचा ससेमिरा त्यांच्या मागे. शिवाय गडचिरोलीत अनोळखी माणसाची चौकशी वर्षानुवर्षे होत आलेली. हे सगळे खरे असू शकते. आडनाव आणि स्टिकरही असू शकते. त्रास हाच आहे, की दुसऱ्या कोणाला खोली नाकारली तर तो फक्त दुसरा लॉज शोधतो. आपण मात्र रात्रभर कारण शोधत बसतो.

पाणपोईवर पाणी पीत असताना एका पोराने आमच्या गाडीकडे पाहून "जयभीम" केला आणि पुढचे सगळे सोपे झाले. गावाच्या टोकाला आपली वस्ती, वस्तीत विहार. विहाराच्या गच्चीवर सतरंजी मिळाली. एका म्हाताऱ्या उपासिकेने प्रथम "जेवले का जी?" असे विचारले, नाव नंतर. अंबाडीचे सरबत, भात, वरण, तेलात परतलेली सुकी मिरची. गच्चीचे सिमेंट रात्री दहापर्यंत तव्यासारखे होते. पोरांनी दोन बादल्या पाणी ओतले, तेव्हा पाठ टेकली.

झोप आली नाही. १९१७ साल आठवत होते. अमेरिकेतून आणि लंडनमधून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि त्यांना शहरात राहायला खोली मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा आत्मकथनात त्यांनी ते लिहून ठेवले आहे. एवढा मोठा विद्वान माणूस, आणि अडचण काय, तर रात्री डोके टेकायला जागा.

गल्लीतल्या मुलाच्या त्या लास वेगासचाही इतिहास आम्ही नंतर शोधून वाचला. नॅट किंग कोल, सॅमी डेव्हिस ज्युनियर हे कृष्णवर्णीय गायक-कलावंत तिथल्या बड्या कॅसिनो हॉटेलांत गात, लोक तिकिटे काढून टाळ्या वाजवीत. पण गाणे संपले, की त्याच हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. झोपायला गावाच्या पश्चिम भागातल्या काळ्या लोकांच्या वस्तीतली खाणावळवजा घरे. २४ मे १९५५ रोजी तिथे मुलां रूज नावाचे हॉटेल उघडले, ज्यात काळे-गोरे सर्वांना प्रवेश होता. ते त्याच वर्षी बंद पडले. पुढे १९६० च्या मार्च महिन्यात डॉ. जेम्स मॅकमिलन या कृष्णवर्णीय दंतवैद्याच्या पुढाकाराने मोर्चाचा इशारा दिला गेला, तेव्हा कुठे बड्या हॉटेलमालकांनी दारे उघडायचे कबूल केले. त्याआधी काळ्या प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका निघत असे. कोणत्या गावात कोणते हॉटेल, कोणते घर, कोणता पेट्रोलपंप आपल्याला उभे करतो, याची यादी. ती १९३६ पासून काढणारे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हे न्यूयॉर्कच्या हार्लेममधले टपाल खात्यातले पोस्टमन होते. हे वाचून आमच्यातला कारकून सुखावला.

आणखी एक तारीख नोंदवण्यासारखी. मुलां रूज उघडले, त्यानंतर आठच दिवसांनी, १ जून १९५५ रोजी, आपल्या देशात अस्पृश्यता अपराध कायदा लागू झाला. धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना, हॉटेल ही सारी ठिकाणे त्यात स्पष्टपणे आहेत. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात हॉटेलांचा उल्लेख आहेच. म्हणजे कायदा आमच्या खिशात होता. त्या रात्री तो काढून दाखवायला पुरावा नव्हता, एवढेच.

दुसऱ्या दिवशी आष्टीवरून चपराळ्याच्या जंगलाकडे. जवळच वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि पुढे नदीला प्राणहिता म्हणतात. मग आलापल्ली. तिथले 'वनवैभव' २०१४ साली राज्याचे पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरले. सागाचे इतके सरळ आणि उंच झाड आम्ही आयुष्यात पाहिले नव्हते. मे महिन्यात साग निष्पर्ण, पायाखाली पाने कुरकुरतात.

त्या रात्री रस्त्याकडेच्या एका लॉजमध्ये खोली मिळाली. भाडे पाचशे, कूलरचे शंभर वेगळे, कूलरमध्ये पाणी आपणच भरायचे. शेजारच्या खोलीत चार पोरे मोबाईलवर आयपीएल पाहत होती. चेंडूगणिक आकडे बोलले जात होते. पाचशे, हजार, दोन हजार. बाराच्या सुमारास एकजण बाहेर येऊन जिन्यात बसला. मोटरसायकलचा हप्ता त्याने लावला होता. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यासाठी बायांनी किती मोर्चे काढले. या जुगाराला मात्र बाटली लागत नाही, की दुकान लागत नाही. वाळवंटातला कॅसिनो आम्हाला इथे भेटला, आणि तोही खोलीसकट. त्या पोराशी दोन शब्द बोललो. त्याने ऐकून घेतले, एवढेच म्हणू.

आलापल्ली ते सिरोंचा सुमारे शंभर किलोमीटर. या रस्त्यावर आमच्यासारखा हौशी प्रवासी एखादाच. खरे प्रवासी वेगळे. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या बाया टेम्पोच्या हौद्यात, गाठोड्यांवर बसून परत येत होत्या. दोन-दोन महिने त्यांचा मुक्काम शेतातल्या ताडपत्रीखाली. २०२० च्या टाळेबंदीत याच मजुरांचे जत्थे जंगलातून पायी गावाकडे निघाले होते. तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात होता. सत्तर पानांचे एक पुडके, अशी पुडकी झाडाखाली मोजली जात होती. एक बाई लेकराला पाठीशी बांधून मोजत होती. आम्ही पाणी मागितले. तिने अर्धा तुंबा रिकामा करून दिला आणि विचारले, "कोणत्या कामाले चालले?" काम नाही म्हटल्यावर ती हसली. ते हसू आम्हाला अजून आठवते.

सिरोंच्यात इंग्रजांच्या काळचे विश्रामगृह आहे. तिथे साहेब लोक उतरलेले होते, आम्ही विचारायच्याही भानगडीत पडलो नाही. बाजारात एक लहान लॉज. मालक तेलुगू बोलणारा. "एक्कड नुंची?" म्हणजे कुठून आलात. "चंद्रपूर." "बंडी मीद?" म्हणजे गाडीवर. आम्ही मान डोलावली. त्याने आधी माठातले पाणी दिले, रजिस्टर नंतर काढले. नाव आमच्याकडूनच लिहून घेतले आणि वाचलेही नाही. सायंकाळी प्राणहितेच्या काठी बसलो. पलीकडे तेलंगणाचे काळेश्वरम, तिथे ही नदी गोदावरीला मिळते. खाली गोदावरीवर मेडिगड्ड्याचे धरण, २०१९ साली सुरू झालेले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ज्याचे खांब खचले. सिरोंच्याच्या शेतकऱ्यांनी त्याच्या पाण्याखाली जमिनी दिल्या. नदीवरून थोडा गार वारा आला. चार दिवसांत पहिल्यांदा दुपट्टा सोडला.

परत येताना आष्टीहून गोंडपिपरी, बल्लारपूर असा जवळचा रस्ता धरला. चार दिवसांचा खर्च पेट्रोलसह तीन हजार दोनशे चाळीस रुपये. त्यात विहाराला दिलेले दान धरलेले आहे.

घरी हिशोबाची वही दाखविली. सौभाग्यवतीने ती वाचली, लॉजचा प्रसंग दोनदा ऐकला आणि विचारले, "पुरुष माणसाले नाही म्हणते, तर एकट्या बाईले देते का?" आम्हाला सांगता येईना. पुढच्या मे महिन्यात तिने आणि तिच्या बहिणीने सिरोंच्याला जायचे ठरविले आहे. आम्हाला नेणार नाहीत. खोली कोणी मागायची आणि स्टिकर काढायचे की ठेवायचे, यावर सध्या दोघींची फोनवर चर्चा चालू आहे. बहीण म्हणते, ठेवायचे.