पायथन दोनवरून तीनवर

पायथन ३.० ही ३ डिसेंबर २००८ रोजी आली आणि पायथन २ मध्ये लिहिलेले बहुतेक प्रोग्राम तिच्यावर जसेच्या तसे चालेनात. हे ठरवूनच केले होते. भाषेतले जुने दोष एकदाचे काढून टाकायचे होते.

काही बदल वरवरचे. प्रिंटला कंस लागले. ७ ला २ ने भागल्यावर पूर्वी ३ येई, आता ३.५ येऊ लागले. खरी अडचण मजकुराची. पायथन २ मधली साधी स्ट्रिंग म्हणजे नुसती बाइट्सची रांग. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेल्या ‘मराठी’ची लांबी ती १५ सांगे. पायथन ३ सांगते ५: म, र, काना, ठ, वेलांटी. बाइट्स आणि युनिकोड मजकूर एकत्र जोडले तरी पायथन २ चालवून घेई. सगळे इंग्रजीत असेपर्यंत काही बिघडत नसे. एखादे देवनागरी नाव आले की प्रोग्राम बंद पडे. पायथन ३ ही सरमिसळ मुळातच नाकारते. आपल्या भाषांसाठी हा बदल फार मोलाचा आहे.

कोड आपोआप बदलून देणारे ‘टू-टू-थ्री’ हे साधन दिमतीला होते. पण एखाद्या स्ट्रिंगमध्ये मजकूर आहे की चित्राचे बाइट्स, हे त्याला कसे कळणार? ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय बदललेला कोड जुन्या आवृत्तीवर चालत नसे आणि लायब्ररी लिहिणाऱ्यांचे वापरकर्ते तर दोन्हीकडे होते.

म्हणून दोन्हींवर चालेल असा एकच कोड लिहायची पद्धत रुळली. नव्या भागाकारासारख्या गोष्टी ‘फ्यूचर’ इम्पोर्टने २.७ मध्येच सुरू करता येत. उरलेले फरक ‘सिक्स’ ही छोटी लायब्ररी झाकून घेई. दोन त्रिक सहा, म्हणून हे नाव. भाषेनेही दोन पावले मागे घेतली. युनिकोड स्ट्रिंगआधीचे काढून टाकलेले ‘यू’ अक्षर २०१२ मध्ये ३.३ ने परत आणले, बाइट्सवरचे टक्केचिन्हाचे फॉरमॅटिंग २०१५ मध्ये ३.५ ने. माझ्या मते स्थलांतराला खरा वेग अशा माघारीनेच आला. तरीही पायथन २ ची देखभाल थांबवण्याची २०१५ ची मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. २.७.१८ ही तिची शेवटची आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये निघाली.

तुमच्याकडे अजून असा जुना प्रोग्राम चालू असेल तर आधी त्याच्या चाचण्या लिहा. मग फाइल आणि नेटवर्कवरून येणारे बाइट्स आत शिरतानाच मजकुरात बदला आणि बाहेर जाताना पुन्हा बाइट्स करा. कंस आणि भागाकार नंतर पाहिले तरी चालतील.