'तो जाई' : गेलेला की जाणारा? खानदेशी क्रियापदांविषयीचे गैरसमज

फ्रेंच शिकणाऱ्यांना एका तक्त्याचा फार धाक असतो. इच्छा, शंका, भीती अशा गोष्टी भूतकाळाच्या संदर्भात सांगायच्या असतील तर फ्रेंच व्याकरण क्रियापदाचं एक खास रूप मागतं. 'गाणे' या धातूचं 'शांतास', 'असणे'चं 'फ्यूस', 'जवळ असणे'चं 'यूस'. आज पॅरिसच्या रस्त्यावर हे रूप कानावर पडत नाही. 26 फेब्रुवारी 1901च्या सरकारी आदेशानं काही वाक्यांत त्याऐवजी साधं वर्तमानकाळी रूप लिहिलं तरी परीक्षेत चूक धरू नये, अशी मुभाही दिली. तरीही या रूपाला कोणी गावठी म्हणत नाही. जगभरची मुलं ते आदरानं पाठ करतात, कारण ते व्याकरणाच्या पुस्तकात छापलेलं आहे.

आणि इकडे धुळे-जळगावात लाखो लोकांच्या तोंडी रोज असणारी अहिराणीतली 'मी जास', 'तो उना', 'आम्ही जासूत' ही रूपं मात्र आपण 'बोलण्यातली चूक' म्हणून मोडीत काढतो. या रूपांनाही तक्ता आहे, आणि तोही तितकाच काटेकोर आहे.

गैरसमज : अहिराणीला व्याकरण नाही, ती कशीही बोलली तरी चालते.

वर्तमानकाळ घ्या. मी जास, तू जास, तो जास, ती जास. अनेकवचनात आम्ही जातस, तुम्ही जातस, त्या जातस. प्रमाण मराठीत 'जातो' आणि 'जाते' असा लिंगभेद लागतो, 'जातोस' असा पुरुषभेद लागतो. अहिराणी हे दोन्ही भेद इथे ठेवत नाही, फक्त वचन ठेवते. हा आळस नव्हे, नियम आहे, आणि तो मोडला की अहिराणी माणसाला लगेच खटकतं. 'मी जातस' असं अमळनेर-पारोळ्याकडचं लहान मूलही म्हणणार नाही. क्रिया या क्षणी चालू असेल तर रूप बदलतं : 'तो जाई ऱ्हायना'. रोजचं जाणं 'जास'नं सांगायचं आणि आत्ताचं जाणं 'जाई ऱ्हायना'नं. प्रमाण मराठीत 'तो जातो' आणि 'तो जात आहे' यांच्यामध्ये जी सीमा आहे तीच ही, फक्त साधनं वेगळी. गावागणिक उच्चार थोडे हलतात, पण ते तर पुण्या-कोल्हापुरातही हलतात.

गैरसमज : अहिराणी म्हणजे निम्मी गुजराती, निम्मी मराठी.

सीमेवरचा मुलूख, व्यापार, स्थलांतर पाहता हे पटण्यासारखं वाटतं. 'शे' ऐकलं की गुजराती 'छे' आठवतो, 'माले-तुले' ऐकलं की वऱ्हाड आठवतो. पण उसनवारीची खरी परीक्षा क्रियापदात होते. नामं बाजारातून येतात, क्रियापदांचे प्रत्यय सहसा येत नाहीत. 'आला' याला गुजरातीत 'आव्यो', अहिराणीत 'उना'. 'बसला' याला गुजरातीत 'बेठो', अहिराणीत 'बठना'. भूतकाळातला हा न-कार मराठीच्या ल-कारासारखाही नाही आणि गुजरातीच्या य-कारासारखाही नाही. वर्तमानकाळातही गुजराती माणूस 'हुं जाउं छुं', 'तुं जाय छे' असा पुरुषानुसार फरक करतो, अहिराणी करत नाही.

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशीची, म्हणजे जिच्यात अहिराणी येते त्या भाषेची, नोंद नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, 1907 साली, भिल्ली भाषांसोबत झाली. त्याआधी ती मराठीची बोली मानली जात होती. जनगणना आजही 'खानदेशी' ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजते. 2011च्या गणनेत तिची नोंद 18 लाखांहून अधिक लोकांनी केली. तिला भाषा म्हणावं की बोली, हा वाद विद्वानांनी घालावा. शाळेच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की 'बिघडलेली मराठी' हे वर्णन यातल्या एकाही मतात बसत नाही.

गैरसमज : खानदेशी माणूस भविष्यकाळातला 'ल' खातो.

'तो उद्या जाईल' याऐवजी 'तो सकाय जाई' ऐकलं की प्रमाण मराठीत वाढलेल्या माणसाला शेवटचं अक्षर गळाल्यासारखं वाटतं. या एका रूपामागे जवळजवळ हजार वर्षांचा इतिहास आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

जुन्या मराठीत 'करी', 'जाय' ही रूपं साध्या वर्तमानकाळाची होती. ती संस्कृतातून प्राकृतमार्गे आली. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला हे ओळखीचं आहे. पुढे वर्तमानकाळासाठी 'करतो', 'जातो' ही त-कारी रूपं पुढे आली आणि जुनी रूपं मोकळी झाली. मोकळ्या झालेल्या रूपांना वेगवेगळ्या भाषांनी वेगवेगळी कामं दिली. हिंदीत त्यांनी इच्छा आणि शक्यता सांगायला सुरुवात केली : 'वह जाए', 'वह करे'. मराठीत ती भूतकाळातल्या सवयीकडे गेली : 'तो रोज पहाटे शेतात जात असे' याच अर्थानं 'तो रोज पहाटे शेतात जाई' असं आपण लिहितो. शाळेत याला रीतिभूतकाळ म्हणतात. बोलताना तो आता जवळजवळ ऐकू येत नाही, कथा-कादंबऱ्यांत आणि आठवणींत मात्र टिकून आहे. पुस्तकात मान आणि जिभेवर विसर, ही त्याची गत त्या फ्रेंच रूपासारखीच झाली आहे.

आता मराठीचा भविष्यकाळ पाहा. 'जाईल' म्हणजे जाई अधिक ल, 'करील' म्हणजे करी अधिक ल, 'जाशील' म्हणजे जाशी अधिक ल. ल हा नंतर जोडलेला आहे. त्यामुळे ल नसलेलं रूप दिसलं की काहीतरी गळालं आहे असं समजणं म्हणजे इतिहास उलटा वाचणं. शिवाय अहिराणीचा अख्खा तक्ता समोर ठेवला तर शंका उरत नाही : मी जासू, तू जाशी, तो जाई, आम्ही जासूत, त्या जातीन. मराठीच्या 'मी जाईन'मधून कोणतंही अक्षर गाळलं तरी 'जासू' मिळत नाही. 'सू'मधला हा स-कार संस्कृतच्या 'यास्यामि', 'करिष्यामि' या भविष्यकाळाशी नातं सांगतो. गुजरातीतलं 'करीश' आणि राजस्थानातली स-कारी रूपं त्याच घराण्यातली. प्रमाण मराठीनं जो भविष्यकाळ सोडून दिला, तो तापी-गिरणेच्या खोऱ्यात अजून चालू आहे.

म्हणून शीर्षकातल्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. पुण्यात छापलेल्या कादंबरीत 'तो जाई' म्हटलं की तो पूर्वी जात असे. साक्रीच्या बाजारात 'तो जाई' म्हटलं की तो अजून जायचा आहे.

गैरसमज : फ्रेंचसारखी इच्छा-शंकेची रूपं मराठीत नाहीतच.

हा गैरसमज इंग्रजी माध्यमातून फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलांचा. इंग्रजीत अशी रूपं फारच थोडी उरल्यामुळे त्यांना ती परग्रहावरची वाटतात. पण 'त्यानं जावं अशी माझी इच्छा आहे' या वाक्यातलं 'जावं' नेमकं तेच काम करतं. मोरो केशव दामले यांनी 1911 साली प्रसिद्ध झालेल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त क्रियापदाच्या रूपांची जी आख्यातं, म्हणजे प्रत्ययांवरून पाडलेले गट, सविस्तर लावली आहेत, त्यात हे वाख्यात. धुळ्या-जळगावच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ई-आख्यात हीच नावं घोकत असतात. वर ज्याचा इतिहास पाहिला ते 'जाई' म्हणजे ई-आख्यात.

गंमत पुढे आहे. 'त्यानं जावं अशी माझी इच्छा होती' असं म्हणताना मराठीत 'आहे'चं 'होती' झालं, पण 'जावं' जागचं हललं नाही. फ्रेंच व्याकरण मात्र मुख्य वाक्य भूतकाळात गेलं की गौण वाक्यातलं रूपही बदलायला सांगायचं, आणि त्यासाठीच तो धाकाचा तक्ता. आजचा फ्रेंच माणूस बोलताना ते बदलत नाही. म्हणजे तो मराठीच्याच वाटेनं गेला. हा तक्ता पाठ करताना अडखळणाऱ्या मराठी विद्यार्थ्यानं 'जावं' मनात धरलं तर अर्थाची अडचण उरत नाही, उरते ती फक्त रूपांची.

जे घडलंच नाही ते सांगायलाही मराठीकडे रूप आहे. 'मला पंख असते तर' हा निबंध लिहिला नाही असा विद्यार्थी विरळा. त्यातलं 'असते' वर्तमानकाळाचं दिसलं तरी वर्तमानकाळाचं नाही. 'तो इथे असतो' आणि 'तो इथे असता तर' ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की फरक उघड होतो. यालाच संकेतार्थ म्हणतात.

फ्रेंच आणि मराठी क्रियापदांची ही भेट काही आज पहिल्यांदा होत नाही. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषापंडितानं मराठीच्या घडणीवर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोठा ग्रंथ लिहिला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो 'मराठी भाषेचा विकास' या नावानं मराठीत आणला. जुन्या वर्तमानकाळाचं पुढे काय झालं, हे समजून घ्यायचं तर आजही तिथे जावं लागतं.

गैरसमज : बहिणाबाईंची कविता अहिराणीत आहे.

नाही. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींची भाषा लेवा समाजाच्या बोलीची, म्हणजे जळगाव-भुसावळ-यावल-रावेर पट्ट्यातली. तिथे वर्तमानकाळ मराठीसारखा त-कारी होतो, 'जास', 'करस' अशी रूपं त्यांच्या कवितेत भेटत नाहीत. अहिराणीचा मुलूख त्याच्या पश्चिमेला : धुळे, नंदुरबारचा बराच भाग, जळगाव जिल्ह्यातले अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, आणि नाशिक जिल्ह्यातलं बागलाण-मालेगाव. खानदेशात याशिवाय तावडी आहे, गुजरी आहे, भिल्ली आणि पावरी आहेत. सगळ्यांना 'अहिराणी' म्हणून एका पोत्यात घालणं या सगळ्यांवरच अन्याय आहे.

गैरसमज : या गोष्टींचा अभ्यास कोणी केलेला नाही.

क्रियापदाच्या अभ्यासाचं एक मोठं घर तर धुळ्यातच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले, आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. ज्ञानेश्वरीच्या व्याकरणावर लिहिणाऱ्या राजवाड्यांनी मराठी धातूंचा प्रचंड संग्रह मागे ठेवला होता. मंडळानं तो कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्याकडून संपादित करून धातुकोश म्हणून प्रसिद्ध केला. अहिराणीचा भाषावैज्ञानिक अभ्यास आणि अहिराणी-मराठी शब्दकोश डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी केला आहे. डॉ. सुधीर देवरे यांनी अहिराणीतून 'ढोल' हे नियतकालिक चालवलं.

साहित्य हाताशी आहे. आठवीच्या फळ्यावर 'तो जाईल', 'तो जाई' आणि 'वह जाए' हे तीन रकाने शेजारी मांडायला एक तास पुरतो, आणि त्यातल्या मधल्या रकान्याचं उत्तर शिरपूर-शिंदखेड्याच्या वर्गात अर्ध्या मुलांना आधीच येत असतं.