जवळचे केंद्र किती जवळचे?

शिरगाव म्हटले की महाराष्ट्रात लगेच 'कुठले?' असे विचारावे लागते. पालघरजवळ किल्ल्याचे शिरगाव आहे, देवगड तालुक्यात एक आहे, रत्नागिरीला लागून आणखी एक आहे. गोव्यातले लईराई देवीच्या जत्रेचे शिरगाव तर प्रसिद्धच. आपण बोलणार आहोत ते मावळातल्या शिरगावाबद्दल. साईमंदिरामुळे 'प्रतिशिर्डी' म्हणून ते नावारूपाला आले. दर गुरुवारी तिथे भक्तांची रीघ लागते. आजूबाजूला भाताची खाचरे आहेत, जवळून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो आणि तळेगावची औद्योगिक वसाहतही फार लांब नाही. अशा गावातल्या आजोबांनी थंडीत पहाटे फिरायला निघावे की ऊन वर येऊ द्यावे? दम्याच्या नातवाला मैदानावर पाठवावे की घरात ठेवावे? हे ठरवायचे तर हवा कशी आहे ते कळायला हवे. पण विचारायचे कुणाला?

त्यासाठी आता घरबसल्या सोय झाली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' या मोबाइलवरच्या सेवेत शहरवार आकडे मिळतात. २०१५ साली सुरू झालेली 'ओपनएक्यू' ही संस्था स्वतः हवा मोजत नाही. देशोदेशींच्या मोजणी केंद्रांतले आकडे ती एकत्र करून सर्वांना खुले करते. तिच्या शोधयंत्रणेला गावाचे नाव सांगण्यापेक्षा अक्षांश-रेखांश सांगणे बरे, नाहीतर मावळाऐवजी भलत्याच शिरगावात जाऊन पोहोचायचे! आपल्या शिरगावासाठी साधारण १८.७ उत्तर आणि ७३.७ पूर्व. त्याभोवती किती अंतरात शोधायचे तेही सांगावे लागते. ही मर्यादा जास्तीत जास्त २५ किलोमीटरची. मग त्या वर्तुळातली केंद्रे समोर येतात.

बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला एक खोड जडते. कागद हातात आला की शिल्लक पाहण्याआधी तो तारीख पाहतो. हवेच्या आकड्यांनाही हीच खोड लावून घ्यावी. यादीत केंद्राच्या नावापुढे पहिली नोंद कधीची आणि शेवटची कधीची, हे दिलेले असते. बंद पडलेले यंत्र यादीतून लगेच नाहीसे होत नाही. व्यवहार थांबलेल्या खात्यासारखे ते नुसते नावापुरते उरते. म्हणून आधी तारीख पाहावी.

दुसरे पाहायचे ते हे की, केंद्र मोजते काय? राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकात आठ घटक धरले आहेत. पण प्रत्येक केंद्रावर आठही मोजले जातातच असे नाही. निर्देशांक काढायला किमान तीन घटकांची माहिती लागते आणि त्यात सूक्ष्म धूलिकण असावेच लागतात. ज्या घटकाची स्थिती सर्वांत वाईट, तोच अंतिम आकडा ठरवतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे वाईट, अतिवाईट, गंभीर अशी ही उतरंड आहे. शिवाय धूलिकणांसाठी २४ तासांची सरासरी धरतात. त्यामुळे शेजारी आत्ता पेटवलेल्या कचऱ्याचा धूर त्या आकड्यात लगेच दिसत नाही.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंतर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'सफर' योजनेखाली २०१३ साली पुणे परिसरात मोजणी सुरू केली. तिची केंद्रे शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, कात्रज, हडपसर, भोसरी, आळंदी, निगडी अशा ठिकाणची. त्यांतले शिरगावाला जवळ पडते ते निगडी. पण यंत्रणा अंतर मोजते सरळ रेषेत. वाटेत घोरावडेश्वराचा डोंगर उभा आहे, हे तिच्या हिशेबात नसते. मोठ्या रस्त्यावरच्या धुराचा जोर काहीशे मीटरवर पुष्कळ ओसरतो; म्हणून द्रुतगती मार्गाला लागून असलेले घर आणि आतल्या आळीतले घर यांची हवा एकच नसते. मग निगडीच्या चौकातली आणि मावळातल्या खाचरांवरची हवा एकच कशी असेल? उलट शहर दूर म्हणून निर्धास्त राहावे, तर तेही नाही. उन्हात तयार होणारा ओझोन वायू वाऱ्याबरोबर शहराबाहेर जाऊन तिथे अधिक जाणवू शकतो.

काही मोबाइल सेवा गावात यंत्र नसतानाही गावाच्या नावापुढे आकडा दाखवतात. तो उपग्रहाच्या आणि दूरच्या केंद्रांच्या माहितीवरून बांधलेला अंदाज असतो. अंदाज निरुपयोगी नसतो, पण त्याला मोजणी समजू नये. अंदाजपत्रक आणि ताळेबंद यांत जेवढा फरक, तेवढाच इथेही.

खरी गोष्ट अशी की, केंद्रे प्रामुख्याने शहरांसाठी उभी राहिली. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही भर शहरांवरच आहे. मात्र महामार्ग, कारखाने आणि नव्या वसाहती आता खेड्यांच्या वेशीशी येऊन ठेपल्या आहेत. यादीत आपले गाव नाही, याचा अर्थ आपली हवा शुद्ध आहे असा होत नाही. ती कुणी मोजलेली नाही, एवढाच होतो. म्हणून जवळचे केंद्र कोणते, ते किती दूर आणि त्याची शेवटची नोंद कधीची, या तीन गोष्टी एका कागदावर लिहून ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. 'आमच्याकडेही मोजणी करा' असा ठराव राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे धाडता येतो. सुरुवात महागड्या यंत्रानेच व्हावी असेही नाही. राष्ट्रीय मोजणी कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला १०४ वेळा, नमुने घेण्याची पद्धत आहे.

आणि तोवर? हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन तळाशी साचते आणि धूर तिच्यात कोंडतो. चुलीचा धूर वर न जाता खाचरांवर आडवा पसरलेला दिसला, तर आजोबांनी ऊन चढेपर्यंत थांबावे. नातवाचा खेळही तासभर पुढे ढकलावा.