वाकड्या मुळातील वाट

दाढेचे मूळ खुंटासारखे सरळ असते, हा आपला समज खरा नव्हे. खालच्या पहिल्या दाढेचे पुढील मूळ बहुधा बाकदार असते आणि त्यातील नलिकाही त्या बाकाबरोबर वळते. वयोमानानुसार आतून डेंटिनचे थर साचतात व ही नलिका अधिकच अरुंद होते. नवापूरहून बोईसरला रूट कॅनालसाठी फेऱ्या घालणाऱ्या आजी-आजोबांचे काम लांबते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

नलिका साफ करून रुंदावण्यासाठी ‘फाइल’ वापरतात. ही कानशीसारखी धार असलेली सुई होय. दहा क्रमांकाच्या फाइलचे टोक अवघे ०.१० मिलिमीटर असते. पोलादी फाइल बारीक असेतो वळणातून जाते. जाड होत गेली की ताठ होते आणि सरळ होऊ पाहते. मग मुळाच्या भिंतीत पायरी पडते, क्वचित भोकही पडते. निकेल-टायटॅनियमची फाइल मात्र वळणाबरोबर वाकते. १९८८ साली अमेरिकेतील संशोधकांनी दात सरळ करण्याच्या तारेपासून अशा फाइल घडवल्या, तेव्हा त्या त्याच मापाच्या पोलादी फाइलपेक्षा दुप्पट ते तिप्पट लवचिक आढळल्या. यंत्रावर फिरणाऱ्या आजच्या फाइल याच धातूच्या असतात. त्यांनी वेळ वाचतो. तोंड फार वेळ उघडे ठेवणे ज्यांना जमत नाही, त्यांना हा मोठाच दिलासा.

तरीही ‘मशीनचे रूट कॅनाल’ या शब्दांनी भारावून जाऊ नये. पोलादी फाइलचे पीळ तुटण्यापूर्वी बरेचदा उकललेले दिसतात. निकेल-टायटॅनियमची फाइल वळणात फिरून थकते आणि पूर्वसूचना न देता तुटू शकते. म्हणून कुशल दंतवैद्य आधी बारीक पोलादी फाइलने हातानेच वाट काढतात, मगच यंत्र लावतात. फाइल किती वेळा वापरलेली आहे, हे विचारण्यात संकोच कशाला?

निकेलची अ‍ॅलर्जी असल्यास आधीच सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नये. हाडांच्या ठिसूळपणावर औषध चालू असेल तर तेही आवर्जून कळवावे. त्यांतील काही औषधांमुळे दाढ काढल्यावर जबड्याची जखम भरण्यास अडचण येऊ शकते. अशा रुग्णाच्या बाबतीत ती वाकडी दाढ वाचवण्याचा खटाटोप अधिकच मोलाचा ठरतो. फाइलचा तुकडा आत राहिला, तरी दाढ गेलीच असे नाही. तो कोठे अडकला आणि त्यापूर्वी नलिका किती स्वच्छ झाली होती, यावर पुढचे अवलंबून असते. एक्स-रे मात्र मागून घ्यावा व जपून ठेवावा.