पहिला शब्द कोण बोलणार?

नेवाशाच्या एस.टी. स्थानकावर दोन अनोळखी प्रवासी एकाच बाकावर तासभर बसतात आणि एक अक्षरही बोलत नाहीत, हे तुम्ही पाहिले असेल. तेवढ्यात एखादे कुत्र्याचे पिल्लू येऊन एकाच्या चपलेशी झोंबू लागले, तर काय होते? दुसरा हसतो, "चप्पल सांभाळा बरं का!" म्हणतो, आणि मग कोठून आलात, कोठे निघालात, असे बोलणे सुरू होते. हा निव्वळ योगायोग, की यामागे काही नियम आहे?

असा प्रश्न पडला की विज्ञान एक साधी युक्ती वापरते. बाकीचे सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची. इंग्लंडमधील मॅकनिकोलस व कॉलिस या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच केले. तीच व्यक्ती काही दिवस कुत्र्यासह, काही दिवस कुत्र्याविना हिंडली. कुत्रा शिकवलेला होता. तो आपणहून कोणाच्या अंगलट जात नसे. तरीही कुत्रा सोबत असताना कितीतरी अधिक लोक बोलले. दुसऱ्या प्रयोगात कपडे बदलून पाहिले : कधी नीटनेटके, कधी गबाळे. कपड्यांपेक्षा कुत्रा असण्या-नसण्याचाच परिणाम मोठा ठरला!

पण कोणताही कुत्रा चालतो का? डेबोरा वेल्स यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १८०० पादचाऱ्यांची वागणूक नोंदवली. लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू किंवा मोठा लॅब्रॅडॉर असताना लोक अधिक हसले, बोलले. रॉटवायलर या दांडग्या कुत्र्याने तेवढा प्रतिसाद मिळवला नाही. खेळण्यातले अस्वल आणि रोपटे यांच्याकडे लोकांनी नुसतेच पाहिले.

याचे कारण समजण्यासाठी धान्याने भरलेली जड पेटी ढकलून पाहा. ती जागची हलवायला जास्त जोर लागतो. एकदा सरकू लागली की कमी जोर पुरतो. संभाषणाचेही जवळजवळ असेच आहे. पहिला शब्द सर्वांत जड! 'हा माणूस काय म्हणेल?' ही धास्ती आपल्याला अडवते. कुत्रा मध्ये आला की दोघांची नजर एकमेकांवर नव्हे, तिसऱ्यावर असते. बोलायला विषय मिळतो, आणि उत्तर आले नाही तरी मानहानी होत नाही.

दर वर्षी साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की आपल्या तालुक्यात ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे येतात, कोप्या उभारतात. गावातली मुले व कोपीवरची मुले एकमेकांना महिनोन्‌महिने नुसती पाहतात. एकदा एका कोपीपाशी कुत्री व्याली होती. शाळेतून परतणारी दोन मुले थबकली. "नावं काय ठेवली गं यांची?" कोपीतल्या मुलीने चारही पिल्लांची नावे सांगितली. मग मुलांनी तिचे नाव विचारले. आधी पिल्लांची नावे, नंतर माणसाचे, हा क्रम ध्यानात घ्या. काही दिवसांनी ती मुलगी त्या दोघांबरोबर शाळेच्या फाटकाशी उभी दिसली.

मात्र एक सावधगिरी हवी. अनोळखी कुत्र्याला हात लावू नका. कुत्रा चावला वा ओरखडला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या.

आता तुम्हीही प्रयोग करा. ओळखीतले कोणी पाळीव कुत्रा फिरवत असतील, तर त्यांना एक आठवडा कुत्र्यासह व एक आठवडा कुत्र्याविना, त्याच वाटेने, त्याच वेळी चालायला सांगा. किती जण बोलले, ते दुरून मोजा. दोन्ही आठवड्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडा.

आणि तिसऱ्या आठवड्यात कुत्र्याची वाट न पाहता वर्गातल्या नव्या मुलाशी पहिला शब्द तुम्हीच बोलून पाहा. पेटी वाटते तेवढी जड नसते!